प्रशिक्षकाचं एक मिनिट, मुलाच्या खात्यावर

चौथ्या क्वार्टरची ४ मिनिटं १० सेकंद उरली होती आणि निळा संघ ६-५ असा पुढे होता. तीन मिनिटांनंतर फलकावर ६-८ दिसत होतं. समोरच्या लाल संघानं या वेळात काही फार मोठा खेळ केला नव्हता. निळ्यांची दोन मुलं पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे दंड भोगायला मैदानाबाहेर, बसली होती, एवढंच. त्यातल्या एकानं समोरच्याच्या हेल्मेटवर काठी मारली होती. दुसऱ्यानं काहीच केलं नव्हतं.

प्रकरण अमेरिकेतल्या मुलांच्या लॅक्रॉसचं (टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलून-फेकून गोल करायचा खेळ) आहे, चौदा वर्षांखालील गटातलं. ते एकाच संघाचं दप्तर उघडून लिहिलेलं नाही. या वयाच्या संघांत पुनःपुन्हा घडणाऱ्या गोष्टी एका सामन्यात आणून ते उभं केलं आहे. म्हणून इथे नावं नाहीत, जर्सीचे नंबर आहेत. मुलींच्या लॅक्रॉसचे नियम बरेच वेगळे आहेत, तिथे पंच कार्डं दाखवतात. त्यामुळे पेनल्टीचा खालचा हिशेब तिकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

नेमकं काय झालं

निळ्यांचा ९ नंबर मिडफिल्डर. उजव्या बाजूनं आत शिरून त्यानं साधारण बारा यार्डांवरून शॉट मारला आणि चेंडू गोलच्या बाहेरून गेला. शॉट एन्डलाइनबाहेर, म्हणजे गोलमागच्या सीमारेषेबाहेर, गेला तर त्या क्षणी चेंडूच्या सर्वांत जवळ ज्याचा खेळाडू, त्या संघाला चेंडू मिळतो. त्यामुळे शॉट हुकला की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. तेवढ्यात लालच्या ५ नंबरनं, लांब काठीच्या डिफेन्डरनं, ९ ला बाजूनं खांदा मारून आडवा केला. काठीतून चेंडू सुटून दीड-दोन सेकंद झाले होते. म्हणजे हा सरळसरळ उशिराचा, बेकायदा धक्का. फाउलची खूण म्हणून पंच फ्लॅग टाकतात, तो पडला नाही.

मिनिटभरानं मध्यरेषेजवळ चेंडू साइडलाइनबाहेर गेला. शिट्टी वाजली, खेळ थांबला. ९ नंबर दोन पावलं पुढे आला आणि त्यानं एका हातानं काठी फिरवून ५ च्या हेल्मेटवर मारली. या वेळी फ्लॅग पडला. ९ नंबर पंचांना म्हणाला, "मघाशी त्यानं मला पाडलं तेव्हा कुठे बघत होतात?" वर एक शिवीही जोडली.

डोक्यावरच्या स्लॅशिंगची, म्हणजे काठीच्या फटक्याची, दोन मिनिटं आणि अखिलाडू वर्तनाचं एक. तिन्ही मिनिटं न सुटणारी. साधी पेनल्टी प्रतिस्पर्ध्यानं गोल केला की संपते आणि मुलगा मैदानात परततो. न सुटणाऱ्या पेनल्टीत किती का गोल होईनात, वेळ पूर्ण भरावीच लागते.

इथवरचं नुकसान एका मुलाचं होतं. मग मुख्य प्रशिक्षक चार पावलं मैदानात आले आणि पंचांना सगळ्यांदेखत "आंधळे आहात का?" म्हणाले. अखिलाडू वर्तन, आणखी एक मिनिट, तेही न सुटणारं.

प्रशिक्षकाची पेनल्टी प्रशिक्षक भोगत नाही. स्कोअरबुकात सामन्याआधी एका खेळाडूची 'इन-होम' म्हणून नोंद होते, बहुधा पहिल्या फळीतल्या एखाद्या अटॅकमनची. बाकावरच्या माणसांचे गुन्हे या इन-होमच्या खात्यावर जातात. निळ्यांचा इन-होम २२ नंबर होता. तो धावत बाकाशी आला आणि त्यानं विचारलं, "कोच, मी काय केलं?"

प्रशिक्षक मैदानाकडे बघत राहिले. २२ नंबर टेबलाजवळ जाऊन बसला.

दोन मुलं बाहेर गेल्यावर बचावात गोलरक्षकापुढे सहाऐवजी चारच उरतात आणि समोर सहा अटॅकर असतात. या वयात चौघांना सहा जणांची पासिंग झाकता येत नाही. कुणाला मोकळं सोडायचं एवढंच ठरवता येतं. पहिल्या मिनिटात दोन गोल झाले. २२ परत आल्यावर पाच विरुद्ध सहा असं चित्र झालं, तेव्हा तिसरा. पलीकडच्या साइडलाइनवर दोन वडील पंचांच्या बरोबरीनं चालत ओरडत होते. सामना संपला, दोन्ही संघ हस्तांदोलनाच्या रांगेत उभे राहिले, आणि ९ नंबर बाकाजवळ खाली मान घालून हेल्मेटचा पट्टा सोडवत बसला. तो पट्टा सोडवायला दोन सेकंद लागतात. त्याला रांग संपेपर्यंत लागले.

कोणाचं काय चुकलं

पॉझिटिव्ह कोचिंग अलायन्स ही संस्था १९९८ पासून अमेरिकेतल्या युवा खेळांच्या प्रशिक्षकांना प्रशिक्षण देते. खेळाचा मान राखणं म्हणजे पाच गोष्टींचा आदर, अशी तिची मांडणी आहे: नियम, प्रतिस्पर्धी, पंच, सहकारी आणि स्वतः. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'रूट्स', म्हणजे मुळं, असा शब्द होतो. ही यादी क्लबच्या भिंतींवर लावलेली असते आणि भिंतीवरच राहते. या सामन्याला मात्र ती लावून बघण्यासारखी आहे. नियम आणि प्रतिस्पर्धी या दोन ठिकाणी ९ नंबर चुकला. पंचांच्या बाबतीत मुलगा, प्रशिक्षक आणि पालक तिघेही चुकले, आणि मुलाचा आवाज त्यांत सर्वांत लहान होता. सहकाऱ्याचा अनादर मात्र ठळकपणे एकानंच केला. २२ नंबरच्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या प्रशिक्षकांनी.

पहिली चूक ५ नंबरची होती, हे खरंच आहे. निळ्यांच्या घरोघरी त्या रात्री तेवढंच बोललं गेलं असणार.

पंचांना ते का दिसलं नाही

हे मुलांना समजावून सांगणं फार उपयोगी पडतं, आणि बहुतेक प्रशिक्षक ते सांगत नाहीत. या पातळीवर मैदानावर सहसा दोनच पंच असतात. शॉटच्या वेळी गोलजवळचा पंच क्रीज (गोलभोवतीचं वर्तुळ) आणि गोलरेषा बघतो, तर मागचा पंच शॉट मारणाऱ्यावर नजर ठेवतो. उशिराचा धक्का पकडणं मागच्या पंचाचं काम. पण शॉट हुकला, चेंडू उलट दिशेनं निघण्याची चिन्हं दिसली की याच पंचाला सर्वांत आधी पळायचं असतं. तो वळतो, आणि नेमका त्याच क्षणी धक्का बसतो. मैदान ११० यार्ड लांब आणि ६० यार्ड रुंद, वीस खेळाडू, चार डोळे. काही गोष्टी सुटणारच.

पंचांना पुरावा दाखवून निर्णय फिरवून घेण्याची सोय या खेळात मुलांना नाही. प्रशिक्षक टाइमआउट घेऊन नियम नीट लावला का एवढं विचारू शकतात. पंचांना काय दिसलं यावर वाद घालता येत नाही. मग प्रशिक्षकांच्या हाती काय उरतं? पुढच्या डेड बॉलला, म्हणजे खेळ थांबला की, जवळून जाणाऱ्या पंचांना साध्या आवाजात एक वाक्य: "सर, शॉटनंतर ९ वर नजर ठेवाल का, एकदा उशिरा धक्का बसलाय." पंच त्यावर बहुधा काही बोलत नाहीत. पण पुढच्या शॉटला त्यांची मान वळायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढंच हवं असतं. इथे सहप्रशिक्षकांना धक्का दिसला होता आणि ते वाक्य बोलायला मिनिटभराचा वेळही होता. ते बोलले नाहीत, कारण पंचांशी कोण बोलणार हे या संघात कधी ठरलेलंच नव्हतं.

स्कोअरबुक वाचणं

दुसऱ्या दिवशी दोघं प्रशिक्षक मागच्या पाच सामन्यांचं स्कोअरबुक घेऊन बसले. फाउल कुणाचा, कोणता, कोणत्या क्वार्टरमध्ये, किती वाजता हे सगळं त्यात असतं, पण गोलांखेरीज ते पुन्हा कुणी उघडत नाही. संघाचे अकरा वैयक्तिक (स्लॅशिंगसारखे गंभीर) फाउल निघाले. त्यांनी दोन ढीग केले: खेळ चालू असतानाचे सात, शिट्टीनंतरचे चार.

ही विभागणी या प्रकरणाचा कणा आहे. खेळ चालू असताना होणारं स्लॅशिंग बहुतेक वेळा रागातून येत नाही, ते पायांतून येतं. बचाव करणारा मुलगा एक पाऊल मागे पडला की अंतर भरून काढायला काठी पुढे टाकतो, आणि ती हातावर नाहीतर डोक्यावर पडते. अशा मुलाला खिलाडूवृत्तीवर भाषण देणं म्हणजे पोट दुखणाऱ्याच्या डोक्याला बाम चोळणं. त्याला बाजूला सरकत पळण्याचा सराव हवा, काठी दोन हातांत आणि समोरच्याच्या हातमोज्यांच्या उंचीवर ठेवण्याची सवय हवी. शिट्टीनंतरचे फाउल मात्र खरोखर स्वभावाचे. त्यांच्यासाठी वेगळा सराव लागतो, त्याकडे येऊच.

९ नंबरच्या नावावर चार फाउल होते, त्यातले तीन चौथ्या क्वार्टरमधले. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की तिसऱ्या मिडफिल्ड फळीतली दोन मुलं महिनाभर येत नव्हती आणि संघ दोनच फळ्यांवर खेळत होता. मिडफिल्डरनं मैदानावर साठ ते नव्वद सेकंद जीव तोडून पळावं आणि बदली घ्यावी, अशी साधारण रीत. ९ नंबर शेवटच्या क्वार्टरमध्ये सलग तीन-चार मिनिटं आत राहत होता. थकलेल्या मुलाचा संयम आधी जातो, वेग नंतर. यानं त्याचा गुन्हा माफ होत नाही, पण प्रशिक्षकांच्या वहीत एक काम वाढतं: डिफेन्समधल्या एका मुलाला छोटी काठी देऊन तिसऱ्या फळीत तयार करणं.

आधी मोठ्यांनी

मंगळवारच्या सरावाला क्रम असा ठेवला गेला, आणि हा क्रम उलटा झाला असता तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं.

मुलं गुडघ्यावर बसली, हेल्मेट बाजूला. मुख्य प्रशिक्षक म्हणाले, "शनिवारी २२ नंबर एक मिनिट बॉक्समध्ये बसला. ते मिनिट माझं होतं. मी पंचांना जे बोललो ते चुकीचं होतं. त्यानं मला विचारलं, मी काय केलं, तेव्हा मी उत्तर दिलं नाही. उत्तर हे की तू काहीच केलं नव्हतंस. माझं चुकलं." संपलं. चाळीस सेकंदही लागले नाहीत. 'पण पंचांनीही' असं काही त्यामागे आलं नाही. असा 'पण' आला की मुलांना फक्त तोच ऐकू येतो.

लीगच्या पंच-समन्वयकांनाही त्यांनी तीन ओळींचा ईमेल पाठवला. त्यात धक्क्याचा उल्लेख नव्हता.

९ नंबरशी बोलणं सरावाआधी दहा मिनिटं झालं, मैदानाच्या कडेला, सहप्रशिक्षकांच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांच्या नजरेत. अमेरिकेत मोठ्या माणसानं अल्पवयीन खेळाडूशी एकट्यानं बोलायचं तर ते इतरांना दिसेल आणि मध्येच थांबवता येईल असंच बोलावं, हा सेफस्पोर्टचा, म्हणजे खेळाडूंचा छळ रोखण्यासाठीच्या संस्थेचा, दंडक आहे. तो पाळला की मुलालाही आपल्याला कोपऱ्यात घेतलंय असं वाटत नाही.

"का मारलंस?" हा प्रश्न मुद्दाम टाळला. तेरा वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं. असतं ते समर्थन, आणि एकदा ते मांडलं की मुलगा त्यालाच चिकटून बसतो. तीन प्रश्न विचारले गेले. शिट्टी वाजली तेव्हा तुला काय दिसत होतं? तेव्हा तुझे हात कुठे होते? त्यानंतरच्या तीन मिनिटांत काय काय झालं?

दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला. मग म्हणाला, "खालचा हात सुटलेला होता. म्हणजे काठी एकाच हातात होती. मी ठरवलं नव्हतं, कोच."

"बरं. मग आपण खालच्या हातावर काम करू."

माफीचा विषय प्रशिक्षकांनी काढला नाही. ५ नंबरची माफी माग, असं फर्मान सोडलं की मुलगा मागतोही, आणि त्यातून काय बोलल्यावर सुटका होते एवढं शिकतो. यावर मतभेद आहेत. काही अनुभवी प्रशिक्षक लेखी माफी सक्तीची करतात. आमच्या मते सक्तीची माफी पंचांसाठी ठीक आहे, कारण तिथे ती शिष्टाचाराचा भाग आहे. समवयस्कासाठी ती खोटी पडते.

शिट्टीनंतरचे पाच सेकंद

खिलाडूवृत्ती शब्दांनी शिकवता येत नाही असं आम्ही म्हणणार नाही, पण खेळाच्या वेगात ती शब्दांतून आठवत नाही. हाताला सवय लागते तीच आठवते. म्हणून हा सराव.

वीस यार्ड लांब, पंधरा रुंद असा चौकोन शंकूंनी आखायचा. तीन विरुद्ध तीन. प्रशिक्षक चेंडू जमिनीवर सोडतात, ग्राउंड बॉलसाठी झुंज लागते आणि शिट्टी कधीही वाजते. शिट्टी झाली की प्रत्येकानं तीन गोष्टी करायच्या: दोन्ही हात काठीवर आणि काठी कमरेशी, पाठ फिरवून आपल्या बाकाकडे एक नजर, आणि लगेच आपला माणूस शोधून त्याच्याजवळ धावणं. ज्या संघाचे तिन्ही खेळाडू आधी जागेवर पोचतील त्यांना चेंडू. चौथ्या-पाचव्या शिट्टीला निर्णय मुद्दाम चुकीचा द्यायचा. नव्वद सेकंदांचे चार डाव, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती.

चांगलं वागा म्हणून सांगून मुलांना याची गोडी लागत नाही. लॅक्रॉसमध्ये बहुतेक फाउलनंतर खेळ झटपट सुरू होतो. पंचांकडे हात पसरून उभा राहिलेल्या मुलाचा माणूस तेवढ्यात मोकळा धावत सुटलेला असतो. एकदा व्हिडिओवर दाखवलं की तेरा वर्षांच्या पोरालाही कळतं: तक्रारीचे दोन सेकंद म्हणजे एक गोल. आधी ही स्वार्थाची बाजू दाखवावी. बाकीचं मागाहून मुरतं.

काय बिघडतं? पहिलं, चुकीचे निर्णय मुद्दाम दिले जाणार आहेत हे आधीच सांगितलं तर मुलं हसतात आणि रागाचा सरावच होत नाही. सांगू नये. शिट्टी शक्यतो सहप्रशिक्षकांच्या किंवा एखाद्या मोठ्या गटातल्या खेळाडूच्या हाती द्यावी. मुख्य प्रशिक्षकांनीच अन्याय केला तर मुलं तो मनावर घेतात. दुसरं, डाव लांबले तर खोट्या रागाचा खरा होतो. निळ्या संघात पहिल्या दिवशी हेच झालं. उत्साहात सहा डाव घेतले गेले आणि पाचव्या डावात दोन सहकाऱ्यांनी एकमेकांना क्रॉस-चेक केलं, म्हणजे दोन हातांमधल्या काठीच्या दांड्यानं ढकललं. चारवर थांबायचं. तिसरं, पडलेल्याला हात देऊन उठवण्याचा नियम यातच घुसडण्याचा मोह होतो. चेंडू जिवंत असताना हात देणारा मुलगा भला नाही, बेसावध आहे. शिट्टीनंतर दिला तर उत्तम, नाही दिला तर त्यावरून बोलू नये.

दुसरा सराव बॉक्सचा, आणि तो फारच कमी संघ करतात. पाच विरुद्ध सहा असा मॅन-डाऊन बचाव तर सगळेच घोटवून घेतात. पण बाहेर बसलेल्याचं काय? इथे खरा टेबल, खरं घड्याळ, तीस सेकंद किंवा एक मिनिट. पेनल्टी मिळालेला मुलगा धावत बॉक्सकडे जातो, बसतो आणि खेळ बघत राहतो. प्रशिक्षक त्याला एकच वाक्य सांगतात, तेही पुढच्या कामाचं: "सुटलास की थेट क्रीजवर, डाव्या बाजूला." चूक काय झाली ते तिथे बोलायचं नाही. आपल्याविना चार-पाच जण कसे पळताहेत हे मिनिटभर गप्प बसून बघणं ही शिक्षा पुरेशी असते. २२ नंबरनं यात एक भर घातली. बॉक्समधून परतणाऱ्याच्या हातमोज्यावर इन-होमनं मोजा आपटायचा. हे कुणी सुचवलं नव्हतं.

शिक्षा किती

९ ला सामन्याबाहेर काढलेलं नव्हतं आणि वैयक्तिक फाउलची पाच मिनिटंही भरली नव्हती, त्यामुळे लीगकडून आपोआप बंदी आली नाही. क्लबच्या समितीतल्या काहींना दोन सामन्यांची बंदी हवी होती. प्रशिक्षकांनी पुढच्या सामन्याचा पहिला क्वार्टर सुचवला, आणि तोच क्वार्टर स्वतःलाही लावून घेतला: संघ सहप्रशिक्षक चालवतील.

दोन सामने बाहेर राहणारा मुलगा दुसऱ्या सामन्याला बहुधा येतच नाही. घरी त्याला ५ नंबरच्या धक्क्याचीच उजळणी ऐकायला मिळते. एक क्वार्टर बाकावर बसला तर तो संघात असतो, गणवेशात असतो आणि त्याला काम देता येतं. हेल्मेटवर मारल्याचा हिशेब एका क्वार्टरनं चुकता होतो का? आमचं मत, अर्धा सामना अधिक योग्य झाला असता. डोक्यावरचा वार ही फक्त शिष्टाचाराची गोष्ट नाही, ती मेंदूच्या दुखापतीची गोष्ट आहे. नियम डोक्यावरच्या फटक्याला न सुटणारी पेनल्टी देतात त्यामागे हेच आहे. पण प्रशिक्षकांनी तोच काळ स्वतःला लावला, यानं शिक्षेला जे वजन आलं ते बंदीच्या लांबीनं आलं नसतं.

त्या क्वार्टरमध्ये दोघं बाकाच्या टोकाला शेजारी बसले. ९ नंबर ग्राउंड बॉल मोजत होता, मुख्य प्रशिक्षक हुकलेले शॉट. मध्येच ९ म्हणाला, "कोच, लाइनवरचे पंच खरंच किती पळतात." प्रशिक्षकांनी कागदावरून मान वर केली नाही.

साइडलाइन

पालकांचा भाग थोडक्यात, कारण इथे फार नवं काही करावं लागत नाही, फक्त जे लिहिलेलं आहे ते करावं लागतं. यूएसए लॅक्रॉसच्या, म्हणजे तिथल्या या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेच्या, युवा नियमांत साइडलाइन मॅनेजरची तरतूद आहे: प्रेक्षकांच्या वागण्याकडे बघणारा संघाचा एक मोठा माणूस. निळ्यांनी कागदावर एक नाव दिलं होतं आणि ती व्यक्ती त्या दिवशी खाऊच्या टेबलावर होती. पुढच्या सामन्यापासून हे काम वेगळं जाकीट घालून, पालकांच्या मधोमध उभं राहून करायचं ठरलं. ओरडणाऱ्याला बोल लावायचे नाहीत. त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, गरज पडली तर "चला, जरा पलीकडून बघू" म्हणायचं. पंचांना तक्रार करावी लागली तर ते सामना थांबवू शकतात, हे पालकांना एकदा स्पष्ट सांगितलं गेलं. निर्णय, जागा, खेळायला मिळणारा वेळ यांबद्दल प्रशिक्षकांना काही लिहायचं तर सामन्यानंतर चोवीस तासांनी. बऱ्याच क्लबांत हा नियम असतो, तो इथे पुन्हा वाचून दाखवला.

दोन वडिलांपैकी एकांनी ते ऐकलं. दुसऱ्यांनी हंगाम संपल्यावर मुलाला दुसऱ्या क्लबात नेलं.

एक गोष्ट जाता जाता. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसौनी (इरोक्वॉइ) लोकांचा, आणि आसपासच्या इतर मूळनिवासी राष्ट्रांचाही, फार जुना खेळ आहे. ते त्याला निर्मात्याचा खेळ म्हणतात, आजारी माणसाच्या किंवा समाजाच्या बरं होण्यासाठी तो खेळला जातो, आणि मैदानात स्वच्छ मनानं उतरावं असं मानलं जातं. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी १८६७ मध्ये त्याचे नियम लिहून काढले तो आजच्या स्पर्धात्मक खेळाचा उगम. सामन्याआधी हे सगळं भारावून सांगणारे प्रशिक्षक पुष्कळ भेटतात. या संघाचेही सांगत असत. शनिवारीही सांगितलं होतं.

परतीचा सामना

तीन आठवड्यांनी लाल संघाशी पुन्हा गाठ पडली. सामन्याआधी पंच दोन्ही मुख्य प्रशिक्षकांना विचारतात की सगळ्या खेळाडूंचं साहित्य नियमाप्रमाणे आहे ना, आणि प्रशिक्षकांचा होकार हीच हमी धरतात. निळ्यांच्या प्रशिक्षकांनी या वेळी हो म्हणण्याआधी प्रत्येक काठीत चेंडू टाकून जाळीच्या खिशाची खोली बघितली होती. यापूर्वी ते नुसतंच हो म्हणत.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये ५ नंबरनं ९ ला पुन्हा पाडलं. या वेळी चेंडू ९ च्याच काठीत होता, धक्का समोरून आणि कायदेशीर होता. चेंडू उडून बाहेर गेला, शिट्टी झाली. ९ उठला, काठी खांद्याच्या वर गेली. मग खालचा हात काठीवर आला, काठी कमरेशी आली, त्यानं बाकाकडे पाहिलं आणि तो आपल्या माणसाकडे धावला. त्याला एक-दीड सेकंद उशीर झाला होता. तेवढ्यात लालचा मिडफिल्डर मोकळा निघाला आणि त्यानं गोल केला. बाकावरून सहप्रशिक्षक ओरडले, "पाय, पाय!" एवढंच.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला मागून ढकलल्याबद्दल तीस सेकंद मिळाली. तो धावत जाऊन बसला आणि सुटल्यावर क्रीजच्या डाव्या बाजूला गेला. चौथ्या क्वार्टरमध्ये तिसरी फळी चार वेळा आत आली, तिनं एक गोल खाल्ला, पण ९ ला दोन मिनिटांहून जास्त सलग खेळावं लागलं नाही. सामना निळ्यांनी ७-९ असा गमावला.

हस्तांदोलनाच्या रांगेत या वेळी प्रशिक्षकांनी गोलरक्षकाला पुढे, ९ ला मधे आणि स्वतःला शेवटी ठेवलं होतं. उजवे हातमोजे काढायला सांगितले होते, कारण मोज्यानं मोजा आपटताना नजर मिळवावी लागत नाही. ५ नंबर समोर आला तेव्हा तोच आधी काहीतरी बोलला. ९ नं मान हलवली आणि तो पुढे सरकला. काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही.

टेबलावर स्कोअरबुक मिटवताना सहप्रशिक्षकांनी पेनल्टीची पानं तपासली. शिट्टीनंतरचा फाउल एकही नव्हता. इन-होम म्हणून या वेळीही २२ नंबरच होता, आणि त्याच्यापुढचा रकाना कोरा होता.